कोळ्याच्या पायाचं शेवटचं पेर

त्या उन्हाळ्यात मी एका बाईवर खोटा आरोप छापला. तो खोटा आहे हे छापताना मला माहीत नव्हतं. पण तो खरा आहे हेही माहीत नव्हतं, आणि ही दुसरी गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

आमचं घर बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात. पप्पा एका छोट्या छापखान्यात कामाला, आणि उरलेल्या वेळात जिथे अन्याय दिसेल तिथे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पर्च्यांवर, घरोघरी वाटायच्या पत्रकांवर. बेरजा-वजाबाक्या केल्या त्या उरलेल्या पर्च्यांच्या कोऱ्या पाठीवर. मागावर काम करणाऱ्यांचा पर्चा गुलाबी कागदावर निघायचा, पाण्याचा पिवळ्या, शेतीचा हिरव्या. गल्लीतल्या लोकांना लांबूनच कळायचं आज कोणाची बाजू आहे, वाचायची गरज पडायची नाही. आणि लिहायची पद्धत अशी की मथळा आधी. मथळा जमला की मजकूर त्याच्या मागे चालत येतो, असं पप्पा म्हणत. अनेक वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. एप्रिलमध्ये जसोंडीहून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा पप्पांना फोन आला. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही आबाच म्हणायचे. त्यांच्या केळीची पानं तांब्यासारखी पडायला लागली होती, खालच्या बाजूला जाळी धरली होती, आणि शेजारच्या दोन बागांतही तेच सुरू झालं होतं. मी हातभिंग घेऊन गेले. पानाच्या मागे लालसर ठिपके पळत होते. आपल्याकडे त्याला लाल कोळी म्हणतात. तो खरा कोळी नाही, किडाही नाही, पण आठ पायांचा आणि जाळं विणणारा, म्हणून ते नाव.

"रोपं कुठून आणली, आबा?"

"इथूनच. गावातली रोपवाटिका आहे ना, त्या बाईकडून."

मी तिथेही गेले. पंचायतीच्या जागेवर हिरव्या जाळीचा मांडव, त्याखाली काळ्या पिशव्यांत केळीची रोपं. बाई कुठेतरी बाहेर गेली होती. मी मागच्या ओळीतलं एक पान उलटलं. लाल ठिपके. तेच, असं मी मनात म्हटलं, आणि परतीच्या बसमध्ये मथळा तयार झाला: रोपांबरोबर कीड विकत घेऊ नका.

हिरव्या कागदावर पर्चा निघाला. मजकुरात लिहिलं होतं की जसोंडीच्या रोपवाटिकेतून लाल कोळी बागांत आला आहे, आणि विज्ञानाच्या एका विद्यार्थिनीने भिंगाखाली हे तपासलं आहे. नाव कोणाचंच नव्हतं, ना बाईचं, ना माझं. गावात रोपवाटिका एकच, त्यामुळे तिचं नाव लिहायची गरज नव्हती. माझं का लिहिलं नाही, याचा विचार मी तेव्हा केला नाही. जसोंडीत आणि आजूबाजूच्या गावांत पर्चा घरोघरी गेला. कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, तो पार खकनारकडे पोचला. मला अभिमान वाटला. आठवडाभर मी खांदे ताठ ठेवून फिरत होते.

मग मॅडमनी बोलावलं.

मॅडम आमच्या विभागातल्या. बोलतात हिंदी, मध्येच मराठी, आणि आयुष्य या बारीक कोळ्यांवर घालवलेलं. टेबलावर त्यांनी फोन ठेवला होता. त्यावर माझा पर्चा.

"यह विद्यार्थिनी तुम हो?"

"हो, मॅडम."

"कौन सा जीनस?"

जीनस म्हणजे वंश. जातीच्या एक पायरी वरचं नाव. मी म्हटलं, "लाल कोळी आहे, मॅडम. दोन्हीकडे लालच होता."

"लाल तो मेरी साड़ी भी है," मॅडम म्हणाल्या. "स्लाइड दाखव."

स्लाइड नव्हती. मी केलीच नव्हती. मॅडम रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "त्या बाईचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. संध्याकाळी आबांना फोन करून विचारलं. ते खुशीत होते. रोपवाटिकेची जागा पंचायतीची, दर वर्षी ग्रामसभेत पुढच्या वर्षासाठी मंजूर होते. या वेळी मंजूर होणार नाही. सभा पुढच्या आठवड्यात गुरुवारी.

"तुझा पर्चाच वाचून दाखवू सभेत," आबा म्हणाले. "तू पण ये."

त्या क्षणापासून जेवण समोर आलं की मला तो हिरवा मांडव दिसायचा. मी स्वतःला सांगत होते की कोळी तोच निघेल. आणि मग लक्षात यायचं की मी एका बाईचा धंदा बुडावा अशी इच्छा करतेय, कारण माझा मथळा खरा ठरायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने जसोंडीला गेले. आबांच्या बागेतून पानं घेतली. रोपवाटिकेत बाई पुन्हा नव्हती, किंवा होती आणि मी बघितलं नाही, मी चोरासारखी मागच्या ओळीतून दोन पानं खुडली. बांधायला काय? पिशवीत उरलेले पर्चे होते. आमच्या घरी सगळंच पर्च्यात बांधतात, भाकरी, चपला, औषधं. मी पानांच्या दोन पुड्या केल्या, एकावर एक ठेवल्या आणि घरच्या पद्धतीने सुतळीचा आडवा-उभा फेरा मारून एकच गठ्ठा केला.

मग काम सुरू झालं. हे काम बाहेरच्या माणसाला सांगताना मी नेहमी अडखळते, कारण ते ऐकायला खेळासारखं वाटतं. कोळी टाचणीच्या डोक्याहूनही लहान. चार-पाच केसांच्या ओल्या कुंचल्याने तो उचलायचा, काचेवर डिंकासारख्या पातळ द्रवाच्या थेंबात सोडायचा, पालथा, पाय पसरलेले. वर पातळ काच. काच जरा गरम केली की त्याच्या पोटातलं सगळं विरघळतं, रंग जातो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हेच खटकलं होतं. ज्या लाल रंगावर मी पर्चा काढला तो काचेखाली पाच मिनिटांत नाहीसा झाला. राहिलं ते काचेसारखं अंग आणि त्यावरचे केस.

"आता पायाचं शेवटचं पेर बघ," मॅडम म्हणाल्या. "टोकाला. दोन बाजूंना नख्या असतात, त्यांच्या मधे काय आहे?"

नख्यांच्या मधल्या त्या अवयवाला एम्पोडियम म्हणतात. एका वंशात, टेट्रानिकसमध्ये, तो टोकाला फाटून बारीक केसांचा झुबका होतो. दुसऱ्या वंशात, ऑलिगोनिकसमध्ये, तो वाकडी नखी होतो, आणि केस असतात ते तिच्या बुडाशी, खालच्या अंगाला. खात्री करायला आणखी एक खूण. पहिल्या पायाच्या शेवटच्या पेरावर केसांच्या दोन जोड्या असतात, प्रत्येक जोडीत एक केस लांब, एक आखूड, एकाच बुडातून निघालेले. टेट्रानिकसमध्ये या दोन जोड्या एकमेकींपासून लांब असतात. ऑलिगोनिकसमध्ये दोन्ही टोकाकडे, जवळजवळ.

रंग नाही, आकार नाही, पानावरची जाळी नाही. नख्यांच्या मधलं काय ते.

काचा सुकायला हव्या होत्या. विभागाचा ओव्हन बंद पडला होता. मॅडमनी स्लाइड पत्र्याच्या डब्यात घालून गच्चीवर ठेवायला लावल्या. मे महिन्यातला बुऱ्हाणपूरचा पत्रा कुठल्याही ओव्हनपेक्षा कमी नाही. मी दिवसातून चार वेळा गच्चीवर जायचे, डबा उघडायचे, बंद करायचे. शिपाईकाका म्हणाले, "पापड घातले का, ताई?"

सोमवारी बघितलं. आबांच्या बागेतले सगळे नखीवाले. एकही अपवाद नाही. रोपवाटिकेतला पहिला, केसांचा झुबका. दुसरा, झुबका. माझा श्वास मोकळा होत होता आणि त्याच वेळी चेहरा गरम होत होता. वंशच वेगळा. म्हणजे मी खोटं छापलं. तिसरा झुबका, चौथा, सातवा.

आठवा नखीवाला निघाला.

मी डोळा यंत्रावरून बाजूला घेतला, परत लावला. पहिला पाय शोधला. केसांच्या दोन्ही जोड्या टोकाकडे, जवळ. वाकडी नखी स्पष्ट. रोपवाटिकेच्या काचेवर, माझ्याच अक्षरात "रोपवाटिका" लिहिलेल्या चिठ्ठीखाली.

खरं सांगायचं तर आधी मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. मी काच मॅडमकडे नेली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"पत्ते लाए कैसे थे?"

मी पानांचा गठ्ठा दाखवला. कोळी काढून झाल्यावर उरलेली पानं मी परत तशीच सुतळीने बांधून ठेवली होती. मॅडमनी पर्च्याचा कागद उलगडून भिंगाच्या यंत्राखाली पसरला. कागदाच्या घडीत, "कीड विकत घेऊ नका" या ओळीवरून एक लाल ठिपका सावकाश चालला होता.

"देखो," मॅडम म्हणाल्या, "तुम्हारा पर्चा पढ़ रहा है."

हसू आलं नाही. दोन पुड्या, एक गठ्ठा, बसमधला दीड तास. पान सुकायला लागलं की कोळी पान सोडून चालायला लागतो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. आठवा कोळी बाईच्या रोपावरचा होता की माझ्या पुडीतून तिकडे गेलेला, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. सगळ्या काचा रद्द. आणि सभेला तीन दिवस.

मंगळवारी सकाळी मी परत गेले. या वेळी वेगवेगळ्या बंद प्लास्टिक पिशव्या घेऊन, आणि आधी रोपवाटिकेत, आबांच्या बागेत पाय टाकण्याआधी.

बाई होती. माझ्या आईच्या वयाची, साडीचा ओचा खोवलेला, हातात पाण्याचा पाइप. मला पाहून तिने पाइप खाली ठेवला नाही.

"पर्चेवाली ना तू?"

"हो, काकू."

"मागच्या बारीले पानं तोडून नेली, तीही तूच. मी पाह्यलं होतं तुले. म्हटलं नेऊ दे, शेळी पण नेते."

मी सांगितलं काय झालं ते. भिंग, रंग, स्लाइड, गठ्ठा. ती ऐकत होती आणि पाणी मारत होती. माझ्या चपला भिजल्या.

"मंजे आधी फाशी अन् मंग तपास," ती म्हणाली. "तवा तं भिंगातून पाह्यलं होतं म्हणे. आता काय कमी पडलं?"

"भिंगच कमी पडलं, काकू. आणि मी पण."

"तुझ्या पर्च्यानंतर किती फोन आले मले, माहीत आहे? सगळे म्हणतात, सध्या थांबू. कोणी म्हणत नाही की नको. म्हणतात, थांबू." पाइप तिने बादलीत टाकला. "मृगाच्या लागवडीले किती दिवस राह्यले? तोवर थांबतील अन् मंग दुसरीकडून आणतील."

 मग ती आत जाऊन एक बांबूची पाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर आदळली.

"पानं घ्यायची तं नीट घे. मागच्याच ओळीतून घेशील तं मागचीच ओळ दिसन तुले. ती माझी खराब ओळ आहे, मले माहीत आहे. कुंपणाले एरंड आहे तिकडून येतं काहीतरी. पण बाकीच्या काय मेल्या?"

तिनेच ओळी दाखवल्या. प्रत्येक ओळीतून सुरुवातीचं, मधलं, शेवटचं रोप. मी पिशव्या बंद करून चिठ्ठ्या लावत गेले. तिला वाचता येत होतं, ती प्रत्येक चिठ्ठी वाचून बघायची. सॅम्पल कसं घ्यायचं हे दोन वर्षं शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. करून दाखवलं ते तिने.

तिथून आबांच्या बागेत. बागेच्या बांधाला लागून गुरांसाठी उन्हाळी ज्वारी उभी होती, पानं ठिपक्याठिपक्यांची. मी तीही घेतली, वेगळ्या पिशवीत.

काचा पुरत्या सुकल्या नव्हत्या, तरी बुधवारी दुपारी बघाव्या लागल्या. मॅडम शेजारी बसल्या. मी बघायचे, लिहायचे, काच त्यांच्याकडे सरकवायचे. त्या बघायच्या, त्यांच्या वहीत लिहायच्या. शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या.

रोपवाटिकेतले सगळे झुबकेवाले. पुढच्या ओळींत मुळातच जवळजवळ नव्हते, होते ते मागे. आबांच्या बागेतले सगळे नखीवाले. आणि ज्वारीवरचेही नखीवाले.

माझ्या डोक्यात लगेच मथळा उमटला. ज्वारीतून केळीत. ती ज्वारी कोणाची हेसुद्धा मला माहीत होतं.

मॅडमना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. "अब उसका भी पर्चा निकालोगी?" त्या म्हणाल्या. "वंश सारखा आहे, जात सारखी आहे का माहीत नाही. त्यासाठी नर लागतो, तोही कुशीवर झोपलेला, त्याचा जननअवयव बाजूने दिसायला हवा. तुझ्याकडे आहे?"

एकच नर सापडला होता आणि काच ठेवताना तो पालथा झाला होता.

"मग आडनाव एक आहे म्हणून भाऊ ठरवू नको. जितना दिखा, उतना लिख."

घरी पप्पांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, पायांची आकृतीही बघितली. मग म्हणाले, "बेटा, पर्चा परत घ्यायचा नसतो. एकदा परत घेतला की पुढचा कोणी वाचत नाही."

"चुकीचा असूनही परत घेतला नाही, तर पुढचा कोणी का वाचावा?"

"सरकार घेतं का परत? मालक लोक घेतात?"

"म्हणून आपणही नाही घ्यायचा? मग आपल्यात आणि त्यांच्यात कागदाचाच फरक राहिला."

मी पप्पांशी असं कधी बोलले नव्हते. ते उठून पाणी प्यायले. भांडं ठेवायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी मला शिकवलेलंच मी त्यांना ऐकवत होते, आणि ते त्यांनाही कळत होतं. पाठ करूनच विचारलं, "मथळा काय आहे?"

"मथळा नाही. नुसतं 'दुरुस्ती'. आणि खाली माझं नाव."

"कागद?"

"पांढरा."

गुरुवारी सकाळी पप्पांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. मांडीवर चादरीत गुंडाळलेला विद्यार्थ्यांचा जुना सूक्ष्मदर्शक, खालून आरशाने ऊन घेणारा, कारण जसोंडीत वीज असेलच याचा भरवसा नव्हता. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी यंत्र उचलून धरत होते. 

शाळेच्या ओट्यावर सभा होती. काकू बायकांमध्ये एका कडेला बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. रोपवाटिकेचा विषय निघाला तेव्हा आबांनी खिशातून हिरवा पर्चा काढला, आणि मी उभी राहिले.

मी पांढरा कागद वाचला. आधीचा पर्चा मी लिहिला होता. तपासल्याशिवाय लिहिला होता. रोपवाटिकेतल्या मागच्या ओळीत कोळी आहे. तो आबांच्या बागेतल्या कोळ्याच्या वंशाचा नाही. एवढंच.

"कशावरून?" कोणीतरी विचारलं.

मी पायाचं सांगितलं. मागून हसू आलं. "दोन केसांवरून न्याय होऊ राह्यला, बाप्पा."

आबांचा चेहरा उतरला होता. शेजारच्या दोघांना घेऊन ते सर्वांत आधी यंत्रापाशी आले. मी आरसा उन्हाकडे वळवला. त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग चुकून दोन्ही.

"काही दिसत नाही."

"मधे बघा, आबा. पायाचं टोक."

ते खूप वेळ वाकून राहिले. "विळा आहे का हा?"

"हो, तसाच. ही काच तुमच्या बागेतली."

मी काच बदलली. त्यांनी परत बघितलं. "अन् ह्याच्यात तं खराटा आहे."

मग रांग लागली. विळावाला कोणता, खराटावाला कोणता. कोणीतरी म्हणालं, "निवडणुकीची चिन्हं वाटू राह्यली का?" एका बाईने दोन्ही काचा तीनदा पाहिल्या आणि जागेवर जाऊन शेजारणीला सगळं समजावलं, माझ्यापेक्षा बरं. मला वाटलं झालं. इथेच संपेल.

सरपंच म्हणाले, "मंग असं लिहून दे, की तिच्याकडून कीड आली नाही. आम्ही ठरावात घेतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. काकूही, पहिल्यांदाच. एक ओळ लिहायची होती. ती मला लिहावीशी वाटत होती, अगदी मनापासून. मनापासून तर मी पहिला पर्चाही लिहिला होता.

"तसं लिहिता येणार नाही," मी म्हटलं. "विळावाला तिथे शोधला, प्रत्येक ओळीत शोधला, एकही सापडला नाही. हे लिहून देते. आधी कधीच नव्हता, हे मी बघितलेलं नाही."

"पहिल्या पर्च्यात तं लई सांगता आलं तुले," आबा म्हणाले.

"हो. म्हणूनच आता येत नाही."

 मी काकूकडे बघायचं टाळलं. तिच्या वाट्याचं एक वाक्य मी तिला दिलं नव्हतं, तिच्यासमोर, आणि देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. सरपंचांनी कागद मागितला. जे सापडलं ते मी लिहिलं, सही केली. मग हात वर करायला सांगितलं. हात पटापट आले नाहीत. पुढच्या बाकावरचे आधी, मग बायकांचे, मग थोडे थांबून मागचे. जागा पुढच्या वर्षासाठी राहिली, रोपं विकण्याआधी दर वेळी तपासून घ्यायची या अटीवर. आबांनी हात वर केला नाही. खालीही धरला नाही, गुडघ्यावर ठेवला.

बाहेर आल्यावर काकू म्हणाली, "मागची ओळ मी कालच उपटून गाडली. तुझ्या कागदात ती आहे अजून."

"बघितली तेव्हा होती, काकू."

"हो. लिही तूच सगळं खरं." ती चालायला लागली. मी मागे गेले. "जागा राह्यली. रोपं कोण नेईल? फोनवर थांबू म्हणणारे सभेत होते का?"

बरेचसे नव्हते. पप्पांनी स्कूटर सावलीत लावली, डिकीतून पांढऱ्या कागदांचा गठ्ठा काढला, आणि अर्धा माझ्या हातात दिला. आम्ही घरं वाटून घेतली. हिरवा पर्चा लोकांनी दारातच वाचला होता. पांढरा घेऊन ते विचारायचे, हा कशाचा, आणि मला प्रत्येक दारात पहिल्यापासून सांगावं लागायचं की मी चुकले. पाचव्या-सहाव्या दारापर्यंत ते सोपं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. एका घरी म्हणाले, आमच्याकडे तो पहिला आलाच नव्हता, आता वाचायला मिळेल का? एका घरी कागद घेतला आणि त्यावरच मिरच्या वाळत घातल्या. काकू माझ्याबरोबर फिरली नाही, पण लांबही गेली नाही. मी बोलत असताना पलीकडच्या वळणावर ती उभी दिसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोपवाटिकेत होते, अटीप्रमाणे पानं घ्यायला. ऊन अजून जाळीवर चढलं नव्हतं. आबा आले.  सरळ पहिल्या ओळीपाशी गेले, खाली बसले, रोपाचं पान उलटं केलं आणि मागच्या बाजूवरून अंगठा जोरात फिरवला. मग तो अंगठा आपल्या पांढऱ्या गमछ्यावर घासला. कोळी असला की लाल रेघ उमटते.

गमछा पांढराच राहिला. त्यांनी पुढचं रोप घेतलं.

काकू पाइप हातात धरून उभी होती, पाणी बंद. प्रत्येक पानानंतर आबा गमछा बघायचे, ती आबांना, आणि मी दोघांना. एका पानावर त्यांचा अंगठा थांबला, त्यांनी तो नाकाशी नेऊन पाहिला. माती होती. पहिली ओळ संपायला फार वेळ लागला. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले.

"दुसरी दाखव," ते म्हणाले.